पिवळोबाचे घरटे

फार जुन्या काळची आषाढ शुद्ध षष्ठी; पाऊस उघडलेला, पश्चिमेचा वारा जोरात. सुगरण पक्ष्यांत नराने घरटे अर्धे विणायचे आणि मादीला पसंत पडले तरच संसार मांडायचा, अशी रीत. पिवळोबाने चिमीला मोठ्या तोऱ्यात घरटे दाखवले.

“अहो, तोंड वाऱ्याकडेच केलंत? पिल्लं भिजतील की!”

“तुला विणकामातलं काय कळतंय? आलीस तशी चार शब्द कौतुकाचे बोल!”

शेजारच्या भोळूचे घरटे वाकडे होते. पण त्याने तिला विचारले, “तोंड कुठं करू गं?”

ते ऐकून पिवळोबाने घाईघाईने आपले घरटे उसवून फिरवले. “माझ्याही मनात हेच होतं!”

“मग आधी बोलायचं होतंत,” म्हणत चिमीने त्यातली चांगलीशी काडी उपसली, भोळूच्या घरट्यात खोवली आणि अंडी तिथेच घातली.