नदीत पेरलेलं सोनं

“...आणि नदीतलं सोनं संपलं तर, बाबा? शहर राहील?”

जमालशा फकीर काठावर फाटकी कफनी शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे हिरोजी त्यांचे जुने शिष्य, आता नगरशेट. बारा वर्षांपूर्वी इथे सात झोपड्या होत्या. हिरोजींना वाळूत पहिला पिवळा कण दिसला आणि चहूकडून माणसं धावली. वाळू धुणाऱ्यांमागून भाकऱ्या थापणाऱ्या आल्या, शिंपी आले, वैद्य आला. न्हावी आला तेव्हा वस्तीचं गाव झालं. दोन न्हावी गिऱ्हाइकावरून भांडले तेव्हा लोक म्हणाले, आता शहर झालं!

“हे शहर मी वसवलंय, बाबा. मोडताना बघवणार नाही.”

“संपलं कसं? काल गिरजाबाईला दोन कण सापडले.”

हिरोजींनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

“ते मीच टाकले होते.”

सुई थांबली.

“नदीतलं संपून वर्ष झालं. रोज पहाटे चिमूटभर टाकतो. आधी माझं कडं कानशीनं झिजवलं. मग... हिच्या पाटल्या. ती गेल्यावर तशाच पेटीत होत्या. आता काही उरलं नाही.”

बाबांनी पाण्याकडे पाहून हाक मारली, “गिरजे, इकडे ये गं!”

गिरजाबाई गुडघाभर पाण्यात लाकडी पाटीत वाळू हलवत होती. ती पदराला हात पुसत आली.

“शेटला सांग, कालचे कण कसे होते?”

ती हसू दाबू लागली. “सांगू? नदीचा कण घासून घासून गुळगुळीत होतो, शेट. तुमचा बोटाला टोचतो. कानशीचा कीस तो! पहिल्याच दिवशी कळलं.”

“तुला?”

“साऱ्या घाटाला.”

हिरोजींचे कान लाल झाले. “मग वर्षभर वाळू कशाला धुताय?”

“तुम्ही माडीवरून बघत असता ना! बाई गेल्यापासून तेवढ्यालाच तर खिडकीत येता. म्हणून सकाळी घटकाभर हलवतो पाट्या. मग मी खाणावळ उघडते, बाकीचे आपापल्या कामाला.”

तिनं कमरेची पुरचुंडी सोडून त्यांच्या हातावर ठेवली. “सगळ्यांनी जमवलंय. कण न् कण. बाईंच्या पाटल्यांचं सोनं आम्ही ओळखणार नाही होय?”

हिरोजींनी मूठ मिटली. बराच वेळ मिटलेलीच ठेवली.

“सोनं नाही हे ठाऊक असून... कुणीच गेलं नाही?”

“जायचं कुठं? शुक्रवारी लेकीचं लग्न आहे माझ्या. जेवायला या, आणि उशीर करू नका!” असं म्हणून ती पाटी काखोटीला मारून खाणावळीकडे निघाली.

हिरोजी हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

“बाबा, मग मी आता रोज पहाटे काय करू?”

फकिरांनी दोरा दातानं तोडला.

“झोप. नदीला जरा निवळू दे.”