ढगमाथ्यावरचे तीन आरसे

एका राज्याला देवानं एक डोंगर दिला होता, आणि त्या राज्यातल्या मोठ्या माणसांनी त्या देण्याची माती केली. कशी केली ते सांगतो. ऐकताना राग आला तर येऊ द्या. मलाही येतो.

डोंगराचं नाव ढगमाथा. इतका उंच की ढग त्याच्या कमरेशीच अडायचे आणि वर लख्ख ऊन असायचं. माथ्यावर उभं राहिलं की एकीकडे घाटातली खिंड दिसे, दुसरीकडे मैदान, तिसरीकडे दूरवर समुद्र. शत्रू घोड्यावरून येवो, पायी येवो की गलबतात बसून येवो, तो घरातून निघाला की वरून दिसलाच म्हणून समजा. वर चिंचेनं घासून चकचकीत केलेले पितळी आरसे होते. आरसा उन्हात धरून हलवला की खाली छावणीवर तिरीप पडे आणि छावणीला निरोप कळे. असा डोंगर ज्याच्याकडे, त्याच्या वाटेला जायची कुणाची छाती आहे?

पण या राज्यात फौजा तीन होत्या. घोडदळ, पायदळ आणि आरमार. घोडदळाचे सरनोबत निंबाजी, पायदळाचे सरदार सोयराजी आणि आरमाराचे दर्यासारंग वेताजी. तिघेही शूर, यात शंका नाही. आणि तिघांचंही एकमेकांशी अजिबात पटत नसे. ढगमाथा कुणाचा, यावरून त्यांच्यात रोज जुंपायची. शेवटी तिघांनी माथ्यावर आपापलं खोपटं बांधलं, आपापला आरसा लावला, आपापली माणसं बसवली. वर रिवाज असा पाडला की दुसऱ्याच्या आरशाची तिरीप आपल्या डोळ्यांवर घ्यायची नाही. घेतली तर तो आपल्या फौजेचा अपमान. आता बोला! सूर्य एक, डोंगर एक, शत्रू एक, आणि यांच्या तिरिपी मात्र सोवळ्यातल्या.

राजा पद्मसेन मनानं चांगला होता. फारच चांगला होता, तिथंच घोडं अडलं. त्याला कुणाला दुखवायचंच नसे. माथ्यावर एक मुख्य हवा असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा त्यानं रुद्राजी नावाच्या एका जुन्या, चोख सरदाराला बोलावलं. त्याला ‘शिखरपाल’ असा किताब दिला, जरीचा शेला दिला, हातात चांदीची काठी दिली. अधिकार मात्र दिला नाही. तिन्ही खोपट्यांतली माणसं हुकूम घेणार ते आपापल्या सरदाराचाच.

रुद्राजीला हे पहिल्याच दिवशी कळलं. त्यानं तिन्ही खोपट्यांतल्या माणसांना मिळून पहारा द्यायला सांगितलं, तर सगळेच हसले. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो तसाच माथ्यावर राहिला. कारण खाली समुद्रकाठी करंजवेळ नावाचं गाव होतं, आणि त्या गावात त्यानं आपली एकुलती एक लेक मंजुळा दिली होती. वरून तिच्या घराचं कौलारू छप्पर दिसायचं. समुद्रातून काही आलं तर पहिला घाव त्या गावावर पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खाडीपलीकडे वज्रबाहू नावाचा राजा होता. करंजवेळच्या मिठागरांवर त्याचा कधीचा डोळा होता. ढगमाथ्याच्या धाकानं तो गप्प होता इतकंच. त्याचा वकील दसऱ्याला पद्मसेनाच्या दरबारी आला, नजराणा दिला, पोटभर जेवला आणि सगळं बघून गेला. घरी जाऊन त्यानं आपल्या राजाला सांगितलं, “महाराज, डोंगर उंच आहे, नजर तीक्ष्ण आहे. पण वर तीन घरं आहेत, आणि या घरातला त्या घरातल्याला पाणीसुद्धा विचारत नाही.”

वज्रबाहू हुशार होता. त्यानं आधी खडा टाकून पाहिला. एका भर दुपारी त्याचे काही गडी मागच्या कड्यानं वर चढले, आरमाराच्या खोपट्यात घुसले, पेंगत पडलेल्या पहारेकऱ्यांना लोटून मोठा दगड घालून आरमाराचा आरसा फोडला आणि पळाले. शेजारच्या दोन खोपट्यांतली माणसं भाकरी खात बघत बसली. आरसा काय त्यांचा नव्हता!

रुद्राजी तडक दरबारात गेला. “महाराज, वज्रबाहूनं आपल्या डोळ्यात बोट घातलंय. त्याला आजच जाब विचारायला हवा.”

राजानं तिघांकडे पाहिलं. वेताजी म्हणाले, “डोंगर जमिनीवर आहे. जमिनीवरचं भांडण पायदळानं बघावं.” सोयराजी म्हणाले, “आरसा आरमाराचा फुटला. आम्ही का मधे पडावं?” निंबाजी म्हणाले, “कड्यावर घोडे चढत नाहीत,” आणि मिशीवरून हात फिरवला. तिघांनीही हात झटकले. नवा आरसा करायचा तर पितळ कुणाच्या कोठीतलं, यावरही तिघांची तोंडं तीन दिशांना. राजा हसून म्हणाला, “रागावू नका, रुद्राजी. सगळ्यांच्या विचारानं काहीतरी ठरवू.”

“कधी, महाराज?”

“बघू की.”

झालं. घोंगडं भिजत पडलं. वज्रबाहूकडे ना जाब गेला, ना ताकीद, ना साधा सांडणीस्वार. तो आपल्या वाड्यात वाट बघत होता, आता काहीतरी येईल, मग काहीतरी येईल. काहीच आलं नाही तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली. “डोळा फोडला तरी हे हूं की चूं करत नाहीत. गलबतं काढा. आणि लपूनछपून नको, दिवसाढवळ्या जाऊ.”

ती गलबतं सगळ्यांत आधी रुद्राजीनं पाहिली. शिडं भरलेली, तोंड सरळ करंजवेळकडे. आरमाराचं खोपटं आरशावाचून ओकंबोकं पडलं होतं. तो घोडदळाच्या खोपट्याकडे धावला.

“नाईक, आरसा फिरव! टेकडीपलीकडच्या बंदरातल्या आरमाराला कळव! तुझ्या घोडदळालाही किनाऱ्याकडे काढ!”

नाईक उठलासुद्धा नाही. “आम्हाला खिंडीकडे बघायला सांगितलंय. गलबतं आमच्याकडे येत नाहीत.”

“अरे, माणसं मरतील खाली!”

“सरनोबतांचा हुकूम आणा, लगेच फिरवतो.”

रुद्राजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं नाईकाला एका धक्क्यात बाजूला लोटलं, स्वतः आरसा धरला आणि बंदरावर तिरीप टाकली, कारण गलबतं पाण्यातच अडवायला आरमारच हवं होतं. पुन्हा टाकली. हात भरून आले तरी टाकत राहिला. उजेड बरोबर दर्यासारंगांच्या गलबतावर पडत होता, त्याला तो वरून दिसत होता. आता नांगर उचलतील, आता शिडं चढतील, असं तो दर श्वासाला म्हणत होता.

खाली काय झालं ते त्याला मागाहून कळलं. खलाशी ओरडला, “दर्यासारंग, माथ्यावरून तिरीप येतेय!”

“कुठल्या खोपट्यातनं?” वेताजींनी विचारलं.

“घोडदळाच्या.”

“मग निंबाजीच्या घोड्यांना तहान लागली असेल. तोंड फिरव तिकडनं.”

खलाशानं तोंड फिरवलं. आरमार जागचं हललं नाही. मैदानात घोडदळ उभं होतं, घाटात पायदळ उभं होतं, सगळे शस्त्रांना तेलपाणी करत होते. कुणी भेकड नव्हतं हो! लढायला सांगितलं असतं तर जीव दिला असता. आणि करंजवेळवर धूर चढला. रुद्राजीनं तो माथ्यावरून पाहिला. लेकीच्या घराचं छप्पर त्या धुरात दिसेनासं झालं, तेव्हा त्याच्या हातातला आरसा खाली पडला.

वज्रबाहूचे लोक लुटायचं ते लुटून, जाळायचं ते जाळून गेले. मग राजा आला. मागे धान्याची पोती, लुगडी, घोंगड्या आणि तिन्ही सरदार. गावातली बरीच माणसं गेली होती. मंजुळेचा नवरा होडी वाचवायला पाण्यात उतरला होता, तो तिथंच गेला. मंजुळा जळक्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं बापाला पाहिलं.

“आबा, तुम्ही वर होतात ना?”

“होतो, बाळ.”

“तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

ती उठली, राजापुढे जाऊन उभी राहिली. “महाराज, वर तीन आरसे होते म्हणतात. एक घोडदळाचा, एक पायदळाचा, एक आरमाराचा. मग आमचा कुठला होता?”

 आणि तेवढ्यात, त्या राखेत उभं राहूनसुद्धा, वेताजी सुरू झाले. “खरं म्हणजे, निरोप आमच्या खोपट्यातून आला असता तर...” निंबाजी म्हणाले, “आमच्या आरशाला हात लावायचा अधिकारच नव्हता.” सोयराजींनीही तोंड उघडलं होतं. ते काय बोलणार होते कोण जाणे, कारण तेवढ्यात रुद्राजीनं चांदीची काठी राजाच्या पायाशी फेकली.

“बास! लाज वाटू द्या जरा! मढी अजून उचलली नाहीत आणि तुमचं तुझं-माझं चाललंय? महाराज, तुमच्या फौजा हरल्या नाहीत. हरायला लढावं लागतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. आणि तुम्ही! तिघांचं मन राखायला गेलात आणि गाव गमावलंत. ही काठी घ्या परत. मला किताब नको. मला हुकमाचा अधिकार द्या, नाहीतर माझं डोकं घ्या.”

 राजाशी असं कुणी बोललं नव्हतं. शिपायांचे हात तलवारीकडे गेले. पद्मसेनानं हात वर करून त्यांना थांबवलं. मग तो तिघा सरदारांकडे वळला, आणि त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं.

“आजपासून माथ्यावर एकच खोपटं. तिन्ही फौजांची माणसं तिथं एकत्र राहतील, एका ताटात जेवतील. हुकूम रुद्राजींचा. त्यांची तिरीप पडली की तिन्ही फौजांनी उठायचं, मला विचारायलाही थांबायचं नाही. ज्याला हा अपमान वाटत असेल त्यानं पगडी इथं ठेवावी.”

वेताजींनी पगडी ठेवली आणि पाय आपटत निघून गेले. त्यांना वाटलं, राजा मागून हाक मारील. राजानं हाक मारली नाही. उरलेल्या दोघांनी पगड्या मुकाट डोक्यावरच ठेवल्या.

दोन जुने आरसे आणि तिसऱ्याचे तुकडे वितळवून एकच थोरला आरसा ओतला. तिन्ही फौजांना एकच खूण ठरली. सुरुवातीला खोपट्यात रोज भांडणं व्हायची. रुद्राजी कुणाला झोडायचा, कुणाला चुचकारायचा, पण वेगळी चूल कुणाला मांडू दिली नाही. सगळं बसल्यावर तो राजाला म्हणाला, “आता वज्रबाहूच्या वकिलाला बोलवा. त्याला माथा दाखवू.”

राजा दचकला. “आपली ताकद शत्रूला दाखवायची?”

“महाराज, जी ताकद त्याला ठाऊकच नाही, तिला तो भिणार कसा? कुठून मारू, कसं मारू, ते झाकून ठेवू. पण मारू, हे त्याला दिसलंच पाहिजे.”

वकील आला. रुद्राजीनं त्याला दमवत दमवत वर नेलं, गूळपाणी दिलं आणि म्हणाला, “आमचा आरसा फोडलात तेव्हा आम्ही गप्प बसलो. ती आमची चूक. पुन्हा होणार नाही.” मग त्यानं आरसा फिरवला. वकिलाच्या हातातला गूळ संपायच्या आत खिंडीत नगारा वाजला, मैदानात घोड्यांची धूळ उठली आणि बंदरातल्या गलबतांची शिडं चढली. रुद्राजी शांतपणे म्हणाला, “या माथ्याला कुणी हात लावला, की हे तिन्ही मिळून तुमच्या दारात. तुमच्या राजाला एवढंच सांगा.”

वकिलाची पाचावर धारण बसली. वज्रबाहूची गलबतं दुसऱ्या लुटीसाठी भरून तयार होती, ती त्यानं गुपचूप रिकामी करायला लावली. पुढे त्यानं खाडी कधी ओलांडली नाही. एक बाण सुटला नाही, एक माणूस पडला नाही.

राजाला फार आनंद झाला. त्यानं करंजवेळला मोठा उत्सव मांडला आणि दिवा लावायचा पहिला मान मंजुळेला दिला. ती आली. सगळं गाव बघत होतं. तिनं दिव्याला हात लावला नाही.

“महाराज, आता आम्हाला भीती नाही. हे फार चांगलं झालं. पण डोंगर तोच आहे. फौजा त्याच आहेत. पितळही तेच आहे. तुम्ही त्या दिवशी जे बोललात, तेवढंच बोलायचं होतं ना? मग ते माझ्या घरातला माणूस जिवंत असताना का नाही बोललात?”

पद्मसेनानं रुद्राजीकडे पाहिलं. रुद्राजीनं त्याला सावरलं नाही. तो लेकीशेजारी जाऊन उभा राहिला. उत्सव झाला नाही.

तात्पर्य: उंच जागा आणि मोठ्या फौजा असल्या म्हणून शत्रू भीत नाही, सगळे एका हुकमानं उठतील हे त्याला दिसलं तरच तो भितो. आणि आपल्याच माणसांची मनं राखण्यासाठी जो राजा ही एकी टाळतो, त्याच्या टाळाटाळीची किंमत तो भरत नाही, गरीब माणूस जीव देऊन भरतो.