सगुणाचा कळीचा दगड

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची पाथरवटीण राहत होती. दरवर्षी पुरात माणसं वाहून जायची, म्हणून गावाने दगडी पूल बांधायला घेतला. त्याच्या कमानीचं काम सगुणाकडे आलं.

उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडलं. तिथे लाकडी सांगाडा उभा राहिला आणि त्यावर दोन्ही काठांकडून दगड चढत गेले. शेवटी अगदी मधोमध एकाच दगडाची जागा उरली.

त्या दिवशी गावचा सरदार स्वतःचा चेहरा कोरलेला पांढराशुभ्र दगड घेऊन आला. "हा बसव मधे. सगळ्यांत मानाची जागा आहे ती."

सगुणाने दगडावर नख ओढलं. ओरखडा उठला.

"सरकार, हे शंखजिरं. मऊ असतं. मधल्या दगडावर दोन्हीकडचे दगड रेटा देतात. तो रेटा सोसून जो सगळ्यांना जागच्या जागी धरतो, त्यालाच आम्ही कळीचा दगड म्हणतो. इथे काळा पाषाणच हवा."

"मला शिकवतेस? बसव, नाहीतर चालती हो!"

"मी नाही बसवणार."

सरदाराने बाकीच्या गवंड्यांना दरडावलं. त्यांनी माना खाली घालून पांढरा दगड बसवला. आता सांगाडा उतरवण्यासाठी त्याखालच्या पाचरी तेवढ्या काढायच्या होत्या. सगुणा आडवी उभी राहिली.

"खुशाल काढा. पण आधी सरकारांनी कमानीखाली उभं राहावं. उद्या आमची लेकरं यावरून जाणार आहेत."

सारं गाव बघत होतं. सरदार तावातावाने कमानीखाली गेला. पहिली पाचर सैल झाली मात्र, वर कर्रकन आवाज झाला आणि त्याच्या पागोट्यावर पांढरी भुकटी पडली. सरदाराने बाहेर उडी मारली.

"तुम्ही पळालात सरकार," सगुणा म्हणाली. "पुलावरच्या माणसाने कुठे पळायचं?"

सरदार पागोटं झटकत बाजूला झाला. गवंड्यांनी पाचर पुन्हा ठोकली, पांढरा दगड उतरवला. सगुणाने काळा पाषाण घट्ट बसवला आणि कोणी न सांगता स्वतः खाली जाऊन उभी राहिली. एकेक पाचर निघाली, सांगाडा उतरला. कमान तसूभरही हलली नाही.

सरदाराने पुढे तिला कधीच काम दिलं नाही. सगुणाने छिन्नी-हातोडा पाठीला बांधला आणि ताठ मानेने पुलावरून पलीकडच्या गावी निघून गेली.

तात्पर्य: ज्या कामावर चारचौघांचा जीव टांगलेला असतो, तिथे चुकीच्या हुकमाला तोंडावर 'नाही' म्हणणं हेच खरं इमान.