चकाचकरावांची मिशी

एका गावात एक चकाचकराव राहत होते. खरं नाव वेगळंच होतं. पण त्यांच्या घरातली पितळी भांडी आणि त्यांची तेल लावून पिळलेली मिशी, दोन्ही इतकी चमकत की गावानं हेच नाव ठेवलं.

गावच्या जत्रेत किल्लीवर चालणारी पत्र्याची छोटी आगगाडी फिरायची. रंगारीण आजींनी ती पुष्कळ वर्षांपूर्वी रंगवली होती आणि डब्यांच्या खिडक्यांत तेव्हाच्या गावकऱ्यांचे चेहरे काढले होते. धुळीनं आणि धुरानं ते सगळे केव्हाच झाकून गेले होते. आजींचा हात आता थरथरायचा. एखादा चेहरा पुसला गेला, तर तो पुन्हा काढणारं कोणी नव्हतं.

यंदा गाडी साफ करायचं काम चकाचकरावांनी हौसेनं मागून घेतलं. घरी येताच त्यांनी चिंच भिजवली आणि खरखरीत फडकं शोधलं.

बायको म्हणाली, "अहो, ती गाडी आहे, घंगाळ नव्हे! आधी मऊ ब्रशनं धूळ झाडा. मग ओला कापूस डब्याच्या पोटाखाली फिरवून बघा. कापूस मळला तर ठीक, त्याला रंग लागला तर थांबायचं."

"पोटाखाली कोण बघतंय? भांडी घासण्यात हयात गेली माझी!" असं म्हणून त्यांनी पहिल्याच खिडकीवर चिंच चोळली.

मळ निघाला आणि आत एक झुपकेदार मिशीवाला तरुण हसताना दिसला.

"अगं, हा तर मी!" चकाचकराव आनंदानं नाचायचेच बाकी होते. "थांब, मिशी जरा आणखी चमकवतो."

अति तेथे माती! फडक्यावर काळा रंग आला आणि चित्रातली मिशी गेली.

चकाचकराव मटकन खाली बसले. त्यांना रडूच कोसळलं. "आता तू सांगशील तसंच करतो," ते म्हणाले. मग दोघांनी मिळून ब्रश आणि कापसानं उरलेली गाडी हलक्या हातानं पुसली.

जत्रेत गाडी सुटली आणि एकच गलका झाला. "ही बघा माझी आई!" "अरे, हे आपले गुरुजी!" म्हातारी माणसं पोरांसारखी गाडीमागे धावू लागली. पहिल्या खिडकीपाशी मात्र सगळे अडत.

"हा बिनमिशीचा कोण?"

रंगारीण आजीही गोंधळल्या. "असा माणूस मी काढलाच नव्हता गं बाई!"

चकाचकराव गुपचूप उठले आणि न्हाव्याकडे गेले. परतले ते मिशी सफाचट करूनच!

"आजी, चूक माझी," ते हात जोडून म्हणाले. "तुमची मिशी मी पुसली, म्हणून माझी उतरवून आलो. माझी परत उगवेल, तुमची नाही."

आजींनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि त्या खदखदून हसल्या. "सापडला माझा प्रवासी!" मग सगळी जत्राच हसत सुटली. सर्वांत मोठ्यानं हसले ते चकाचकराव.

मिशी पुन्हा वाढली, पूर्वीसारखीच चमकू लागली. पण दर वर्षी जत्रा आली की चकाचकराव आधी गाडीच्या पोटाखाली कापूस फिरवतात, गाडी पुसतात आणि मग न्हाव्याकडे जातात.

तात्पर्य: मळ निघाला की हात थांबवावा, त्यापुढे घासलं तर आपलंच काहीतरी निघून जातं.