ओला रुमाल

“म्हणजे सगळी मुलाखत नीट झाली, आणि त्या एका प्रश्नावर अडलात?”

“अडलो नाही,” खानविलकर म्हणाले. “उत्तर दिलं. त्यांना पटलं नाही, एवढंच.”

खानविलकर एका कारखान्यात खरेदी विभागाचे प्रमुख होते. विभाग बंद झाला. तेव्हापासून जिथे जातील तिथे माशी शिंकत होती, आणि तीही एकाच प्रश्नावर. शेवटी नाइलाज म्हणून ते नाशिकच्या रेगेबाईंकडे आले. बाई फी घेऊन लोकांची मुलाखतीची तयारी करून घेत. त्यांच्याकडे येणाऱ्यांची नोकरी गेलेली असे; ताठा मात्र बहुतेकांचा शाबूत असे.

या वयात शिकवणी लावणं खानविलकरांच्या जिवावर आलं होतं. आल्या आल्याच त्यांनी सांगून टाकलं, की आपण जन्मभर माणसं पारखत आलो आहोत. बाईंनी फक्त चार युक्त्या सांगाव्यात. सोमवारी मुलाखत होती. ती हुकली तर पुन्हा कोण बोलावणार, हे मात्र त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि तोच प्रश्न विचारला.

“सध्या काय करता?”

“स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करतो.”

“कोणाला सल्ला देता?”

खानविलकरांनी शेजारची पिशवी मांडीवर घेतली.

“नोकरी गेल्याचं घरी सांगितलंय?”

“नाही.”

मग खानविलकर भराभर बोलू लागले. मृणाल, त्यांची बायको, फार हळवी. तिला हे सोसणार नाही. म्हणून ते रोज ठरलेल्या वेळी तिने भरलेला डबा घेऊन निघत, दिवसभर नदीकाठच्या बागेतल्या बाकावर बसत आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी घरी परतत. तिला अजून शंकासुद्धा आलेली नाही, हे त्यांनी थोड्या अभिमानानेच सांगितलं.

“आज डबा आणलाय?”

खानविलकरांना प्रश्न विचित्र वाटला, पण त्यांनी पिशवी पुढे केली.

बाईंनी डबा उघडला. कोरडी भाजी भरून गुंडाळलेल्या पोळ्या. शेजारी छोट्या पिशवीत घडी घातलेला ओला रुमाल. डब्याखाली प्लास्टिकचा एक तुकडा, बाकावर अंथरून बसता येईल एवढा.

“कारखान्यात असाच डबा असायचा?”

“छे. तेव्हा वरण, भात, रस्सा, सगळं असायचं. टेबल होतं ना जेवायला.”

“हात धुवायला नळ होता?”

“होता की.”

“मग हा रुमाल?”

खानविलकरांनी प्लास्टिकचा तुकडा हातात घेतला.

रोज त्या बाकावर ते हाच तुकडा अंथरत होते. याच रुमालाने हात पुसत होते. घरी गेल्यावर रुमाल धुवायला टाकत होते, आणि सकाळी तो पुन्हा ओला होऊन डब्याशेजारी येत होता. कोणी एक शब्द बोललं नव्हतं. पोळी तशीच मऊ होती, भाजीत मीठ तेवढंच होतं.

एवढी माणसं बघितलेल्या त्या बाई, पण त्यांनाही त्या डब्याकडे बघताना भरून आलं.

खानविलकरांनी रुमालाकडे हात नेला आणि मागे घेतला. हळवी म्हणून जिला सांगितलं नव्हतं, ती इतके दिवस त्यांना सांभाळत होती. त्यांचे डोळे वाहायला लागले. ते पुसायलाही त्यांना तो रुमाल घेववेना.

“बाई,” ते म्हणाले, “सोमवारी काय सांगू?”

बाईंनी झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि पिशवी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

“आज घरी जाऊन जेवा.”