पालीची साक्ष

फार पूर्वी एका गोठ्यात, पाल चुकचुकली की चाललेलं बोलणं खरं मानायची रीत होती. एकदा बोक्याने बसल्या बसल्या ठोकून दिलं, "हौदाच्या पाण्यात विष आहे," आणि नेमकी पाल चुकचुकली. झालं, सगळ्यांनी पाणी सोडलं. संध्याकाळपर्यंत तहानेने वासराची जीभ बाहेर आली.

पाल भिंतीवरून तडकली, "अहो, माझ्या किड्यावर टपलेल्या दुसऱ्या पालीला मी हाकलत होते. पाण्याचं मला काय ठाऊक?"

"पण हे बोलताना तू कुठे चुकचुकलीस?" शेळी म्हणाली. "मग खरं कसं मानायचं?"

पाल सरसर खाली उतरली, हौदाच्या काठावर गेली आणि सगळ्यांदेखत पोटभर पाणी प्यायली.

"आता उद्या सकाळी मी चुकचुकले," ती म्हणाली, "तर ते मात्र खुशाल खरं माना."