दाखवण्यापुरता विमा

एका तालुक्याच्या गावी एकदा एक म्हातारा ट्रकचालक राहत होता. त्याचे हात स्टिअरिंगवरून उतरून बरीच वर्षे झाली होती. पण गावात ज्याला म्हणून गाडी शिकायची असे, तो त्याच्याच दारात येऊन बसे. सारे त्याला वस्ताद म्हणत. शिकवण्याचे तो काही घेत नसे; शिव्या मात्र मनापासून देई.

त्याचा अखेरचा चेला एक तरुण होता. त्याला घरीदारी धाकटा म्हणत, कारण त्याला एक थोरला भाऊ होता. दोघे भाऊ खेडोपाडी फिरून शिलाई मशीन दुरुस्त करीत. थोरला मशीन खोलायचा, धाकटा घासूनपुसून तेल घालायचा, आणि परतताना कोण जास्त काळा झाला यावरून दोघांची जुंपायची. एका संध्याकाळी थोरला एकटाच, सायकलच्या कॅरिअरला दुरुस्तीचे मशीन बांधून, सायकल हाताने ढकलीत रस्त्याच्या कडेने घरी येत होता. मागून एक मोटार आली. थोरला जागच्या जागी गेला. मशीनला ओरखडाही उमटला नाही. ज्या बाईचे ते होते तिने ते नेले आणि ती त्यावर पुन्हा शिवू लागली. धाकट्याला त्या मशीनचाही राग येई.

मोटारवाल्याकडे विम्याचा कागद होता. पोलिसांनी तो पाहिला, त्यावरचा क्रमांक उतरवून घेतला. पुढे धाकट्याच्या वहिनीने भरपाईचा दावा लावला, तेव्हा विमा कंपनीने कळवले की हा क्रमांक आमचा नाही. कागद खोटा होता; नाक्यावर दाखवण्यापुरता कुणीतरी छापून दिलेला. मोटारवाल्याच्या नावावर राहते घरसुद्धा नव्हते. वकील म्हणाला, "निकाल तुमच्या बाजूने लागेल, ताई. पण वसूल कुणाकडून करायचं?"

काही दिवसांनी धाकटा शेजाऱ्याची मोटारसायकल मागून कामावर निघाला. आई उंबऱ्यावर आडवी बसली. म्हणाली, "दोन चाकांवर जायचं तर माझ्या अंगावरून जा." तेव्हा जुनी का होईना, एखादी लहान चारचाकी घ्यायचे ठरले. घरात आता कमावणारा एकच उरला होता. गाडी स्वस्त हवी होती आणि तिचा दरवर्षीचा विमा त्याहून स्वस्त हवा होता.

धाकटा वस्तादांना घेऊन बायपासलगतच्या मैदानावर गेला. तिथे जुन्या गाड्यांचा बाजार होता. टायरना काळे पॉलिश, काचेवर चुन्याने लिहिलेली किंमत, पुढे लिंबू-मिरची. व्यापारी हसत सामोरा आला.

"या वस्ताद! ही बघा, डॉक्टरांची गाडी. एकाच मालकाने वापरलेली."

"आणि ती पलीकडची?"

"तीही डॉक्टरांचीच."

वस्तादांनी मैदानावरून नजर फिरवली. "शेठ, इतके डॉक्टर या तालुक्यात असते तर स्मशानात गवत उगवलं असतं रे."

व्यापारी हसला. धाकटा हसला नाही. त्याचे डोळे एका लाल गाडीवर खिळले होते. गाडी चकचकीत होती आणि किंमत आवाक्यातली होती.

"हिचा विमा किती बसेल?" त्याने विचारले.

व्यापाऱ्याने आवाज उतरवला. "खरं सांगू? तुझ्यासारख्या पोराने विम्यात कशाला पैसे घालायचे? गाडीबरोबर कागद देतो मी. शिक्का आहे, मोबाइलने वाचायची ती ठिपक्यांची चौकट आहे. नाक्यावरचा हवालदार डोळे फुटेपर्यंत बघेना का, त्याला कळायचं नाही."

त्याने कागद धाकट्याच्या हातावर ठेवला. धाकट्याने तो घडी करून खिशात घातला.

"पोरा, हा कसला कागद आहे, ठाऊक आहे तुला?" वस्ताद म्हणाले.

"ठाऊक आहे. माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार?" धाकट्याचा आवाज चढला. "माझ्या भावाचं कुणी भरलं? वहिनी हेलपाटे घालून थकली, तिला कुणी काय दिलं? मग मीच का भरू? कुणासाठी भरू? जगाने आम्हांला खोटा कागद दिला. मीही जगाला तोच देणार."

वस्तादांनी व्यापाऱ्याकडून किल्ली घेतली आणि धाकट्याला लाल गाडीत बसवले. इंजिन पाहिले नाही, खाली वाकून गंज पाहिला नाही. मैदानाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढायला लावली, आणि स्वतः तिच्यापुढे जाऊन, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"मी चालतो. तू माझ्या मागून ये. हॉर्न वाजवायचा नाही."

"वस्ताद, हे काय भलतंच?"

"गाडी बघायचीय ना? चल."

म्हातारा चालू लागला. धाकट्याने गाडी पहिल्या गिअरवर टाकली. समोरच्या काचेत एक पाठ होती. विटका सदरा, वाकलेले खांदे, मानेवरचे पांढरे केस. चालता चालता सदऱ्याची एक कड वाऱ्याने उडत होती. म्हातारा एकदाही मागे वळून पाहत नव्हता.

ज्या माणसाच्या नावाने धाकटा रात्रंदिवस तळतळत होता, त्याच्या जागी तो आज पहिल्यांदा बसला होता. त्या माणसाला हेच दिसले असणार. एक पाठ, सायकल, कॅरिअरवर बांधलेले मशीन. आणि पाय इथेच, ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या याच दोन पट्ट्यांवर.

तेवढ्यात म्हाताऱ्याची एक वहाण निसटली. तो थबकला आणि पायाने तिला चाचपू लागला. धाकट्याने ब्रेक दाबला. ब्रेक लोण्यात बोट जावे तसा आत गेला. त्याने दुसऱ्यांदा दाबला तेव्हा गाडी धरली गेली. पण तोवर बंपर म्हाताऱ्याच्या मांडीला लागला होता. म्हातारा रस्त्यावर कोसळला.

धाकटा दार उघडे टाकून धावला. "वस्ताद! वस्ताद, मी दाबला होता हो ब्रेक! देवाशपथ दाबला होता!"

"दाबलास. दोनदा दाबलास. मागचा आवाज मला कळतो."

"लागलं का?"

"लागलं. पाय उचलत नाही." म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पडायचं मी ठरवलं नव्हतं, बरं का. नुसतं चालायचं ठरवलं होतं."

व्यापारी धापा टाकीत आला. त्याने आधी बंपरवरून हात फिरवला, मग जमलेल्या दोघा-तिघांना म्हणाला, "काही झालेलं नाही. म्हातारं माणूस, आपलं आपणच पडलं."

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी धाकट्याचे मनगट धरले.

"आता तो कागद काढ."

"कोणता?"

"विम्याचा. माझी म्हातारी घरी भाकरी थापत बसलीय. तिला जाऊन काय सांगायचं, ते त्यातून वाचून दाखव मला."

धाकट्याने कागद काढला. उघडला.

"वाच की."

"यात काही नाही, वस्ताद."

"असं कसं? शिक्का आहे ना? ठिपके आहेत ना?"

धाकट्याला हुंदका फुटला. भाऊ गेल्यापासून तो माणसांवर ओरडला होता, भांडला होता, भिंतीवर मुठी आपटल्या होत्या. रडला नव्हता. आता तो भर रस्त्यात, म्हाताऱ्याच्या पायाशी बसून, लहान मुलासारखा रडला.

कुणीतरी रिक्षा आणायला गेले होते. ती येईपर्यंत म्हातारा दात आवळून, थांबत थांबत बोलला.

"पोरा, रस्त्यावर चालणारा माणूस आपली पाठ आपल्याजवळ ठेवत नाही. ती तो मागून येणाऱ्याच्या स्वाधीन करून चालतो. मागे कोण आहे, कसा आहे, हे तो विचारत नाही. विचारायला लागला तर त्याला घराबाहेर पडता यायचं नाही. तुझ्या थोरल्याने तशीच पाठ दिली होती, आणि ज्याला दिली त्याने दगा दिला. अन्याय झाला तुझ्यावर. तुझ्या रागाला मी नाव ठेवत नाही. पण हा खोटा कागद तू कुणाला देणार आहेस, त्याचा विचार कर. भाऊ मारणाऱ्याला तो पोचणार नाही. तो पोचेल, तुझ्यापुढे पाठ करून चालणाऱ्या एखाद्या तिऱ्हाइताला. तोही कुणाचा तरी थोरला असेल. त्याच्याही घरी एक वहिनी असेल, आणि तिलाही कुणीतरी सांगेल की हा क्रमांक आमचा नाही. विमा स्वस्त बघ, जरूर बघ; गरिबाने बघायलाच हवा. लहान इंजिनाची गाडी घे, कायद्याला लागतो तेवढाच विमा घे. तेवढ्यात तुझी गाडी भरून मिळायची नाही, पण दुसऱ्याचा संसार उघड्यावर पडायचा नाही. आणि ब्रेक आधी दाबून बघ."

रिक्षा आली.

म्हाताऱ्याच्या मांडीचे हाड मोडले होते. औषधपाण्याचा सारा खर्च धाकट्याने केला, आणि गाडीसाठी साठवलेले होते नव्हते ते त्यात गेले. पाय बरा झाला, पण सरळ झाला नाही. काठीवाचून वस्ताद पुन्हा चालले नाहीत. धाकट्याला पाहून त्यांची म्हातारी कधी बोले, कधी आत निघून जाई. तो दोन्ही सोसून घेई आणि रोज जाई.

त्या साऱ्या काळात तो पायीच कामाला गेला. खांद्यावर मशीन, एका हातात पान्ह्यांची पिशवी. मागून गाडीचा आवाज आला की त्याचे सगळे अंग आक्रसे. तरी तो वळून पाहत नसे. ओझे घेऊन दर वेळी वळता येत नाही, हे त्याला समजले होते.

पुढे पैसे पुन्हा जमले, तेव्हा तो एकटाच मैदानावर गेला. लाल गाडी केव्हाच विकली गेली होती. कुणी घेतली, ब्रेक नीट करून दिले का, असे त्याने विचारले. व्यापाऱ्याने खांदे उडवले. मग धाकट्याने कोपऱ्यातली एक जुनाट, हाताने काचा खाली करायची, सर्वांत लहान इंजिनाची गाडी निवडली. ओळखीच्या मिस्त्रीला आणून ब्रेक खोलून दाखवले. तिथून तो थेट विमा कंपनीच्या कचेरीत गेला, तिथल्या माणसासमोर आपल्या नावाचा विमा उतरवला, क्रमांक त्यांच्याकडच्या नोंदीशी ताडून घेतला, आणि मगच किल्ली न्यायला परत आला.

व्यापाऱ्याने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि त्याला हसू आवरेना. "अरे वेड्या, एवढीशी ही पत्र्याची डबी, आणि तिला कंपनीचा खरा विमा! उद्या ठोकलीस तर गाडीचा छदामही मिळायचा नाही यात. मग तुझ्या हाती काय पडणार?"

"माझ्या हाती काही नाही," धाकटा म्हणाला. "माझ्यासाठी नाही तो."

"मग कुणासाठी?"

धाकट्याने किल्ली घेतली. बायपासवरून माणसे चालली होती. कुणी बाजाराला, कुणी घराकडे, सगळी पाठमोरी.

"अजून माहीत नाही, शेठ," तो म्हणाला. "देव करो, आणि कधी माहीत न होवो."